वीज वाहणारी तिपाई

लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्याची बॅग उघडली, तर तीत कॅमेऱ्यांपेक्षा बॅटऱ्या जास्त निघतात. कॅमेऱ्याची वेगळी, एलईडी लाइटची वेगळी, मॉनिटरची वेगळी आणि वायरलेस माइकची तर आतच बसवलेली. प्रत्येकीचा चार्जर निराळा. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कोणती दगा देईल, याचा नेम नाही. हे सगळं सामान मात्र उभं असतं एकाच वस्तूवर, ट्रायपॉडवर. मग सगळ्यांना वीजही त्यानेच का पुरवू नये? बॅटरी त्याच्या अंगावर असावी, संपली की दुसरी लावावी आणि लाइट, मॉनिटर, पंखा, जे लागेल ते एकाच प्रकारच्या जोडावर चढवावं. कल्पना साधी आहे. पण आराखडा काढायला बसलं की यंत्ररचना, वीज आणि बाजार असे तिघेही हिशेब मागू लागतात.

नव्वद वॅट-तासांचा हिशेब

पहिला प्रश्न, बॅटरी केवढी असावी? आज सहज मिळणाऱ्या ‘२१७००’ या लिथियम-आयन सेलच्या नावातच त्याचं माप आहे: व्यास २१ मिलिमीटर, लांबी ७० मिलिमीटर. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६ आणि क्षमता सुमारे ५ अँपिअर-तास धरली, तर त्यात १८ वॅट-तास ऊर्जा मावते. असे पाच सेल एकसरीत जोडले की १८ व्होल्ट आणि ९० वॅट-तासांचा पॅक तयार होतो. नुसत्या सेलचं वजन साधारण ३५० ग्रॅम भरतं.

पाचावर थांबण्याचं एक कारण विमानतळावर आहे. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी प्रवाशाला सोबत नेता येते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. सुटी बॅटरी केबिनमध्येच न्यायची, चेक-इन सामानात टाकायची नाही. सहावा सेल घातला की पॅक १०८ वर जातो आणि परवानगीच्या फेऱ्यात अडकतो.

४० वॅटचा लाइट, १० वॅटचा मॉनिटर, शिवाय माइक आणि फोन मिळून आणखी १०, असा ६० वॅटचा भार धरू. व्होल्टेज बदलताना दहा टक्के ऊर्जा वाया गेली, तरी पॅक सुमारे एक तास वीस मिनिटं पुरतो.

१८ व्होल्टचा आणखी एक फायदा आहे. हेच ६० वॅट ५ व्होल्टवर द्यायचे तर तारेतून १२ अँपिअर वाहतील. १८ व्होल्टवर ३.३ पुरतात. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे हा फरक जवळजवळ तेरापट पडतो. म्हणूनच तारा बारीक आणि जोड लहान ठेवता येतात.

वजन कुठे, तारा कुठून

ट्रायपॉडच्या पायाची नळी पोकळ असते, तेव्हा सेल तिच्यातच सरकवण्याचा मोह होतो. पण पाय लांब-आखूड करताना आतली नळी त्याच जागेत शिरते, पाय चिखलापाण्यात उभे राहतात आणि तिथली बॅटरी पटकन बदलता येत नाही. त्यापेक्षा तिन्ही पाय जिथे एकत्र येतात, त्या भागाखाली पॅक घट्ट बसवावा. वजन पायांच्या मधोमध येतं आणि उभारणी स्थिर राहते. लोंबता ठेवला तर वाऱ्यात तो हलेल आणि कॅमेराही हलवेल.

महागड्या ट्रायपॉडचे पाय कार्बन फायबरचे असतात, आणि कार्बन फायबरमधून वीज वाहते. सोललेली तार पायाला टेकली तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं, म्हणून पायांतून तारा नेऊच नयेत. वर फिरणाऱ्या हेडमधूनही त्या नेल्या तर पिळल्या जाऊन तुटतात. लाइट-मॉनिटरचे जोड न फिरणाऱ्या भागावर द्यावेत आणि कॅमेऱ्यासाठी एकच छोटी गुंडाळीची केबल वर सोडावी.

चालू कामात बॅटरी बदलताना

बॅटरी काढली की सगळं बंद पडणार असेल, तर बदलता येण्याचा उपयोग अर्धाच. त्यासाठी दोन खाचा हव्यात. पण दोन पॅक थेट समांतर जोडणं धोक्याचं आहे. भरलेल्या पॅकमध्ये २१ व्होल्ट असतात, रिकामा होत आलेल्यात १५. हा सहा व्होल्टचा फरक आणि वाटेतला रोध जेमतेम ०.२ ओहम, भरलेल्यातून रिकाम्यात ३० अँपिअरचा लोंढा जाईल. प्रत्येक खाचेत एकाच दिशेने वीज सोडणारी झडप लागते. साधा डायोड हे काम करतो, पण स्वतः तापून ऊर्जा खातो; मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर वापरून केलेली झडप ती बरीच वाचवते. मग एक पॅक निघाला तरी दुसरा भार उचलतो आणि रेकॉर्डिंग चालू राहतं.

खरी कसोटी जोडाची

जोड उघडा असतो. त्यावर घाम, धूळ आणि पाऊस पडणारच. सतत वीज असलेल्या ओल्या पिना गंजतात, म्हणून उपकरण बसून त्याची ओळख पटेपर्यंत जोड मृत ठेवावा. यूएसबी-सीमध्ये हीच रीत आहे: पलीकडे उपकरण आहे हे कळल्याखेरीज वीज सोडली जात नाही, आणि ५ व्होल्टपेक्षा जास्त हवे असतील तर किती, हे दोन्ही बाजू आधी ठरवून घेतात. शिवाय ऋण पिन इतरांपेक्षा किंचित लांब असावी, म्हणजे ती आधी जुळते आणि शेवटी सुटते.

एवढं जमलं तरी सर्वांत मोठा निर्णय उरतो: हा जोड कोणाचा? ट्रायपॉडचा पाव इंची स्क्रू, इंचाला २० आट्यांचा, आज आयएसओ १२२२ या मानकात नोंदलेला आहे. म्हणून कोणाचाही कॅमेरा कोणाच्याही ट्रायपॉडवर बसतो. सोनीच्या १९९०च्या दशकातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची एनपी-एफ बॅटरी पाहा. ते कॅमेरे मागे पडले, पण इतर उत्पादकांनी लाइट आणि मॉनिटर त्याच खाचेचे बनवल्यामुळे ती बॅटरी अजून विकली जाते. उलट उदाहरण विजेच्या हत्यारांचं. अनेक ब्रँडच्या १८ व्होल्टच्या पॅकमध्ये तेच पाच सेलांचे संच असतात. पण प्लास्टिकच्या खाचा वेगळ्या, म्हणून एकाचा पॅक दुसऱ्याच्या ड्रिलला चालत नाही.

ट्रायपॉड दहा-वीस वर्षं टिकतो. बॅटरी काहीशे चार्जिंगनंतर थकू लागते. युरोपीय संघाने २०२७पासून अशा छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी असा नियम केला आहे, आणि भारतात २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. असा ट्रायपॉड घडवू पाहणाऱ्या तरुण अभियंत्यांनी बॅटरीसाठी आधीपासून रूढ असलेली खाच घ्यावी, स्क्रू पाव इंचीच ठेवावा आणि आपल्या नव्या जोडाचा नकाशा मापांसकट सर्वांना खुला करावा. मग नाशिकचा एखादा छोटा कारखानदारही त्यावर बसणारा लाइट बनवू शकेल, आणि पहिला उत्पादक बाजारातून गेला तरी ग्राहकाचा ट्रायपॉड कामाचा राहील.