मधुमेहावरील वनस्पतींच्या मिश्रणाची पारख

कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांचे चूर्ण, बेडकीचा पाला ही मधुमेहावरील औषधे आपल्या खेड्यापाड्यांतून फार पूर्वीपासून वापरात आहेत. त्यांपैकी मेथीने रक्तातील साखर काही अंशी उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे. तथापि दोन निर्धोक वस्तू एकत्र केल्या म्हणजे मिश्रणही निर्धोकच होते, हा समज बरोबर नाही.

२०१० साली दिल्लीतील एका शास्त्रज्ञांनी मधुमेहासाठी दुधी भोपळा व कारले यांचा एकत्र रस घेतला आणि त्यातच त्यांना मृत्यू आला. दुधी वास्तविक पथ्याची भाजी. परंतु कडक ऊन, पाण्याचा ताण किंवा कडू वेलीशी संकर झालेले बी यांमुळे त्याच्या फळात कुकर्बिटासिन हे विषारी द्रव्य वाढू शकते. असे फळ दिसण्यात नेहमीसारखेच असते. त्याची खूण एकच, ती म्हणजे कडू चव. कारल्याच्या कडवटपणात नेमकी तीच लपून जाते. या घटनेनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सल्ला दिला की, दुध्याची फोड आधी चाखावी, कडू लागल्यास फळ टाकून द्यावे आणि दुध्याचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये. रस घेतल्यावर ओकाऱ्या, जुलाब वा अस्वस्थता सुरू झाल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. या विषावर खास असा उतारा नाही.

दुसरे मिश्रण पोटात गेल्यावर होते. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मेथी-कारल्याची जोड दिल्यास साखर ७० च्या खाली उतरण्याचा संभव असतो. घाम, कंप व भ्रम ही त्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही देऊ नये.

एकाच वाफ्यात नवे बियाणे, नवे खत व नवी फवारणी एकदम केली, तर उत्पन्न कशाने वाढले हे सांगता येत नाही. म्हणून आपण शेजारी तुलनेचा वाफा राखतो. रुग्णाला असा शेजारचा वाफा नसतो. तेव्हा डॉक्टरांस सांगून, एका वेळी एकच वस्तू, ठरलेल्या मापाने घ्यावी व उपाशीपोटीच्या साखरेचे आकडे वहीत टिपावेत. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. साखर उतरली एवढ्याने परीक्षा पुरी होत नाही. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदविले आहे. यास्तव यकृताची तपासणीही करून घ्यावी.

दुध्याच्या ज्या वेलीचे फळ कडू निघेल, ती वेल शेतकरी बंधूंनी उपटून टाकावी व तिचे बी धरू नये.