ट्रकला वाट दाखवणारे यंत्र घेताना



गेल्या हंगामापासून गट ऑफिसात आणि वाहतूक विभागात गाडीमालक सभासदांचा एक प्रश्न वरचेवर येतो. "साहेब, गाडीला ते रस्ता दाखवणारं सॅटेलाइटचं यंत्र घ्यायचं म्हणतोय. कुठलं खात्रीचं?" उभ्या उभ्या एका वाक्यात याचे उत्तर देता येत नाही. दुकानदार मात्र देतो, आणि मग पैसे जातात. सबब थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम मागच्या पावसाळ्यातली हकिगत सांगतो. आपल्या एका सभासदाची दहाचाकी गाडी साखरेची ३४० पोती घेऊन महाडला निघाली. नेहमीचा ड्रायव्हर लग्नकार्याला गेलेला, म्हणून बदली माणूस बसवला. माणूस हुशार, पण या भागातला नव्हे. त्याने फोनवर महाड टाकले. फोनने भोरवरून वरंध घाटाने रस्ता दाखवला. अंतर कमी, तेव्हा त्याला बरेच वाटले. वरंध घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवतात, हे भोरच्या पोरालाही ठाऊक असते. फोनला ठाऊक नव्हते. घाटाच्या तोंडाशी अडवले तेव्हा अंधार पडलेला, पाऊस धो धो, आणि गाडी वळवायला जागा नाही. क्लीनर बॅटरी घेऊन मागे चालतोय आणि दीड किलोमीटर गाडी रिव्हर्समध्ये येतेय, असा प्रकार झाला. त्यात झाडाच्या फांदीने ताडपत्री फाटली. अकरा पोती भिजली आणि ती व्यापाऱ्याने परत केली. दुसऱ्या दिवशी गाडीमालक ऑफिसात येऊन म्हणाले, "सॅटेलाइटच चुकलं बघा साहेब."

सॅटेलाइट चुकले नव्हते. यंत्र निवडण्याची सगळी गोम इथेच आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

जीपीएस म्हणतात ती अमेरिकेची व्यवस्था १९९५ साली पूर्णपणे सुरू झाली. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते, आणि उपग्रह सारखा एवढेच सांगत असतो की, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागेत ३०० मीटरची चूक होते, इतके हे नाजूक गणित आहे. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरे झाले असते, पण आपल्या यंत्रातले घड्याळ साधे असते. त्याची चूक दुरुस्त करण्यासाठी चौथा लागतो.

म्हणजे उपग्रह काय सांगतो? तुम्ही कुठे उभे आहात, एवढेच. पुढे घाट आहे, पूल आहे की ओढा, हे त्याच्या गावीही नसते. रस्ता सांगतो तो यंत्रातला नकाशा, आणि नकाशा माणसांनी केलेला असतो. त्या रात्री गाडी कुठे होती हे फोनला बिनचूक कळत होते. पण आपण मोटारगाडी नसून भरलेला ट्रक आहोत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि सांगायची सोयही नव्हती. तेव्हा यंत्र घेताना "रेंज कशी आहे" यावर वेळ घालवू नका. पारख करायची ती नकाशाची.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. एक फोनवरचा फुकट नकाशा. रहदारी कुठे तुंबली आहे ते तो छान सांगतो, पण रस्ता देतो तो मोटारीचा नाही तर दुचाकीचा. दुसरे, खास ट्रकसाठी केलेले यंत्र किंवा तसा पैसे भरून घ्यायचा नकाशा. यात गाडीची उंची, रुंदी, लांबी, एकूण वजन आधी भरावे लागते, आणि त्या मापाला न चालणारे रस्ते यंत्र वगळते. गार्मिन, टॉमटॉम या कंपन्यांची अशी यंत्रे युरोप-अमेरिकेतले ड्रायव्हर वापरतात. तिकडे याची गरज किती, ते एका गोष्टीवरून कळेल. एकट्या ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांना खालून जाणाऱ्या उंच गाड्यांच्या धडका वर्षाला दीड हजाराच्या आसपास होतात. मात्र परदेशातला भाचा-पुतण्या असे यंत्र आणून देतो म्हणाला तर आधी विचारा, की आत भारताचा नकाशा आहे का, आणि त्यात अवजड वाहनांची बंधने भरलेली आहेत का. नसतील तर ते यंत्र शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचे.

तिसरी वस्तू म्हणजे ट्रॅकर, आणि घोटाळा होतो तो इथेच. ही लहानशी पेटी डॅशबोर्डच्या आत बसवतात. तिच्यात सिमकार्ड असते, आणि गाडी कुठे आहे ते ती मालकाच्या फोनवर कळवते. ड्रायव्हरला ती काहीच सांगत नाही. आपल्या दोघा सभासदांना हीच पेटी 'रस्ता दाखवणारी' म्हणून विकली गेली. पेटी वाईट नव्हे. गाडी ढाब्यावर किती वेळ उभी होती ते मालकाला घरबसल्या समजते, चोरीला आळा बसतो. धोकादायक माल नेणाऱ्या मोठ्या गाड्यांना तर कायद्यानेच ती लागते, नव्या गाड्यांना १ सप्टेंबर २०२२ पासून आणि जुन्यांना १ जानेवारी २०२३ पासून. आपल्या डिस्टिलरीतून इथेनॉलचे टँकर जातात, त्यांच्या मालकांनी एआयएस १४० या मानकाचीच पेटी आहे ना, हे पाहून घ्यावे. पण वाट दाखवायला तिचा उपयोग नाही.

मग खऱ्या ट्रकच्या यंत्राची परीक्षा कशी करायची? दुकानात पैसे देण्यापूर्वी दहा मिनिटे काढा. तुमच्या पायाखालचा रस्ता घ्या, जिथे अवजड गाडीला बंदी आहे हे तुम्हाला पक्के माहीत आहे असा. आधी मोटारगाडी म्हणून रस्ता मागा. मग गाडीची खरी मापे भरून तोच रस्ता पुन्हा मागा. तीन धुऱ्यांच्या दहाचाकीला २०१८ च्या सुधारणेनुसार एकूण २८.५ टन चालतात, तो आकडा टाका. दोन्ही वेळा तोच रस्ता आला, तर पडद्यावर ट्रकचे नुसते चित्र आहे असे समजा आणि दुकानदाराला रामराम करा. त्या सभासदाने ही परीक्षा वरंध घाटावर केली असती तर अकरा पोती वाचली असती.

उंचीचे माप मात्र कागदावरून घेऊ नका. भरल्या गाडीची उंची टेपने मोजा. ऊस भरला की गाडी टपाच्या वर कुठवर जाते ते यार्डात रोज दिसते. हे सांगण्याचे कारण म्हणजे रेल्वेचे भुयारी मार्ग. ब्रॉडगेजवरची बिनरखवालीची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी रुळांखालून कमी उंचीचे बोगदे आले. नकाशावर रस्ता सरळ दिसतो. जीप जाते, पिकअप जाते. उसाचा ट्रक गेला तर बोगद्याच्या कपाळावरच ठेपतो.

नकाशा नवा केव्हा होतो, हेही विचारा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. ज्याचा नकाशा २०२१ सालचा आहे त्याच्या दृष्टीने हा ७०१ किलोमीटरचा रस्ता अस्तित्वातच नाही. नकाशा फुकट नवा करून मिळतो की दरवर्षी पैसे, किती वर्षे मिळणार, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला दुकानाच्या पायरीखाली किंमत नसते.

दुसरे असे की नकाशा यंत्राच्या आत साठवलेला पाहिजे. उपग्रहाचा संदेश मोबाईलच्या टॉवरवर अवलंबून नसतो, पण नकाशा जर इंटरनेटवरून येत असेल तर घाटात रेंज गेली की पडदा कोरा. रस्ता नेमका तिथेच हवा असतो. बोगद्यात मात्र उपग्रह दिसतच नाही. द्रुतगती मार्गावर भाताणच्या किंवा कामशेतच्या बोगद्यात बाण जागीच अडखळला तर घाबरू नये, बाहेर पडल्यावर तो सावरतो. खोल दरीत कड्यांमुळे आकाश थोडेच दिसते, तिथे जितके जास्त उपग्रह तितके बरे. म्हणून केवळ जीपीएस घेणाऱ्या यंत्रापेक्षा रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि आपल्या इस्रोचे नाविक अशा अनेक व्यवस्था घेणारे यंत्र पसंत करावे. तरीही पाच-दहा मीटरचा फरक राहतोच. हायवेवर तुम्ही उड्डाणपुलावर असता आणि यंत्र समजते की खालच्या सर्व्हिस रोडला आहात. अशा वेळी पाटी वाचावी.

विजेची गोष्ट दुकानदार सांगत नाही. मोठ्या ट्रकचे वायरिंग २४ व्होल्टचे, मोटारीचे १२. मोटारीचा स्वस्त चार्जर ट्रकला लावला की तो जळतो, कधी यंत्रही सोबत घेऊन जातो. '१२ ते २४ व्होल्ट' असे छापलेलाच चार्जर घ्या. एप्रिल-मे मध्ये बंद केबिनच्या काचेमागे काय उकाडा होतो ते ड्रायव्हर मंडळींना विचारा. फोन तापून आपोआप बंद पडतात, बॅटरी फुगते. उन्हात टिकण्याची हमी नसेल तर गाडी उभी करताना यंत्र काढून कप्प्यात ठेवावे.

आणि मुख्य म्हणजे यंत्र घ्यायला जाताना ड्रायव्हरला बरोबर न्या. वापरणार तो. आपण मालक म्हणून सहा इंची पडदा पसंत करून येतो आणि त्याला चाळिशी लागलेली असते. आवाज मराठीत किंवा हिंदीत आहे का, इंजिनाच्या घरघरीत ऐकू येतो का, हे त्यालाच कळणार. यंत्र काचेवर घट्ट बसवावे, हातात धरू नये. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातले फोनसारखे साधन रस्ता पाहण्यापुरतेच वापरता येते, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. ठिकाण टाकायचे ते गाडी सुरू करण्यापूर्वी.

एवढे करून यंत्र चांगले मिळाले तरी रात्रीच्या अनोळखी रस्त्यावर त्याच्या भरवशावर डोळे मिटू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच सहकाराच्या पट्ट्यात, अकोले तालुक्यात, पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार नकाशा पाहत गेली आणि चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. तेही नकाशा पाहतच चालले होते. दोन्ही ठिकाणी नकाशात रस्ता होता, जमिनीवर नव्हता. पाण्याची लकाकी दिसली, रस्ता एकाएकी ओस वाटला, समोरून बराच वेळ एकही गाडी आली नाही, तर गाडी थांबवून माणसाला विचारावे. ढाब्यावरच्या पोराला पुढच्या पुलाची जेवढी माहिती असते तेवढी कोणत्याही यंत्रात नसते.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र या खर्चात पडू नये असे माझे मत आहे. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचे माप कोणत्या यंत्रात बसणार? कालव्याच्या कडेचा रस्ता भिजला आहे की वाळला, कोणाच्या बांधावरून गाडी काढता येते आणि कोण काढू देत नाही, हे चिटबॉयलाच विचारावे. नोंदणीच्या वेळी उसाच्या प्लॉटची जागा मोबाईलवर टिपून घेण्याची पद्धत आता बऱ्याच कारखान्यांत आहे. परगावच्या टोळीला फड सापडायला तेवढे पुरते.

हल्ली त्या सभासदाची गाडी महाडला कुंभार्ली घाटाने, चिपळूणवरून जाते. अंतर वाढले, डिझेल जास्त लागते, पण पोती कोरडी पोचतात. त्यांनी यंत्र अजून घेतलेले नाही. ट्रकची मापे भरून दोन दुकानांत परीक्षा केली, दोन्ही ठिकाणी पुन्हा वरंधच निघाला.

वाहतूक विभागात वजनकाट्याच्या खिडकीशी एक वही ठेवली आहे. कोणता घाट अवजड गाड्यांना केव्हापासून बंद, कोणत्या भुयारी मार्गाखाली किती उंची, हे त्यात तारखेसह लिहिले जाते. बाहेरगावची खेप करून आलेल्या ड्रायव्हरांनी पाहिलेले त्यात जरूर नोंदवावे. लिहिता येत नसेल तर काट्यावरच्या कारकुनास सांगावे, तो लिहून घेईल.