स्टिअरिंगमागची दोन वये

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १ डिसेंबर १९९७ पासून सोळा वर्षांच्या मुलामुलींना मोटारीचा परवाना एका फटक्यात मिळणे बंद झाले. आधी वर्षभर शेजारी जाणती व्यक्ती बसवून गाडी चालवायची. मग सहा महिने एकट्याने चालवायला मुभा, पण रात्री नऊ ते पहाटे पाच गाडी बाहेर काढायची नाही. या काळात नियमभंग झाला नाही, तरच पूर्ण परवाना. रॉबर्ट फॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमाआधीचे १९९६ आणि नंतरचे १९९९ ही दोन वर्षे ताडून पाहिली आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात ५७ टक्क्यांनी घटले होते, रात्रीचे ४३ टक्क्यांनी. लहानमोठे सगळे अपघात धरले तरी घट २३ टक्के होती. त्याच सुमारास मिशिगन राज्यातल्या अभ्यासात २५ टक्के घट दिसली.

मुलांना कुठलेही नवे कौशल्य शिकवलेले नव्हते. परवान्याचे टप्पे पाडले होते, इतकेच. ही कल्पना मुळात पॅट्रिशिया वॉलर या मानसशास्त्रज्ञ बाईंची. नॉर्थ कॅरोलिनाच्याच महामार्ग सुरक्षा संशोधन केंद्रात काम करताना १९७० च्या दशकात त्यांनी ती मांडली. सोप्या परिस्थितीत सराव होऊ द्या, अवघड परिस्थिती नंतर येऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. मात्र ती पूर्णपणे अमलात आणणारा पहिला देश न्यूझीलंड, तोही १९८७ मध्ये. आज अमेरिकेच्या सर्व राज्यांत ही पद्धत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे.

‘मुलांना नीट शिकवा, म्हणजे झाले’ असे आपल्यातल्या बहुतेकांना वाटते. या समजुतीची परीक्षा घेणारा एक मोठा प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यातल्या डिकॅल्ब परगण्यात झाला. शाळेतल्या १६ हजारांहून अधिक मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले: एकाला अतिशय सखोल वाहन-शिक्षण, दुसऱ्याला जुजबी, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. सखोल शिकलेल्या मुलांचे अपघात दीर्घ काळात कमी झाल्याचे दिसले नाही. शिक्षण घेतलेल्या मुलांनी परवाने मात्र लवकर काढले. गाडी हाकण्याचे तंत्र काही आठवड्यांत हाताला बसते. रस्ता वाचण्याची सवय लागायला महिने लागतात आणि ती रस्त्यावरच लागते.

तरुण मुलांच्या अपघातांविषयी बोलताना आपण वेग, मस्ती, दारू यांपाशी थांबतो. त्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांनी माणसे मरतात. पण २००३ साली मॅकनाइट या एकाच आडनावाच्या दोन संशोधकांनी कॅलिफोर्निया आणि मेरीलँडमधल्या सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांच्या दोन हजारांहून अधिक अपघातांचे पोलीस-अहवाल वाचून काढले, तेव्हा वेगळे चित्र समोर आले. बेफाम वेग हे कारण थोड्याच अपघातांत होते. बहुतेक वेळा मुलाने बाजूला पाहिलेले नव्हते, पुढच्या गाडीवर लक्ष नव्हते किंवा ओल्या रस्त्याला, वळणाला, गर्दीला साजेल इतका वेग कमी केलेला नव्हता. नवख्या चालकाची नजर बोनेटच्या पुढ्यातच खिळते आणि अरुंद पट्ट्यात फिरते, हे तर १९७२ पासून नोंदलेले आहे. उभ्या बसच्या आडून कुणी पळत येईल, ही शंकाच त्याच्या मनात येत नाही. ब्रिटनने २००२ पासून परवान्याच्या परीक्षेत धोका ओळखण्याची चाचणी घातली, ती याच कारणाने. चित्रफितीत धोका आकार घेऊ लागला की उमेदवाराने वेळेत बटण दाबायचे.

मग मित्रांचा प्रश्न येतो. सोळा वर्षांचा चालक एकटा असताना त्याच्या मरणाचा जो धोका असतो, तो एक सोबती बसला की १.३९ पट होतो, दोन बसले की १.८६ पट आणि तीन किंवा अधिक बसले की २.८२ पट. हे आकडे २००० सालच्या एका देशव्यापी अभ्यासातले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटाने याची मानसिक बाजू तपासली. संगणकावरच्या वाहन-खेळात किशोरवयीन मुले एकटी असताना जेवढी जोखीम घेत, तिच्या साधारण दुप्पट जोखीम ती मित्र पाहत असताना घेत. प्रौढांवर प्रेक्षकांचा असा परिणाम दिसला नाही. पुढे २०११ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये असे दिसले, की मित्र पाहत आहेत एवढे कळले तरी या वयात बक्षिसाची ओढ निर्माण करणारे भाग अधिक चेततात. म्हणजे ‘चारचौघांत शहाणपण पाजळतो’ असे म्हणून ज्याला आपण दटावतो, त्याच्या मेंदूचे काम त्या क्षणी खरोखर वेगळे चाललेले असते.

तरीही सगळे खापर मित्रांवर फोडता येत नाही. व्हर्जिनियात ब्रूस सायमन्स-मॉर्टन यांनी ४२ नवख्या चालकांच्या गाड्यांत कॅमेरे आणि संवेदक बसवून त्यांचे दीड वर्षाचे वाहन चालवणे नोंदवले. शेजारी मोठे माणूस असले की अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात मिळून ७५ टक्क्यांनी कमी. समवयस्क सोबत असताना मात्र सरसकट वाढ दिसली नाही. ज्यांचे मित्र एकूणच धोका पत्करणारे होते, त्यांच्याच बाबतीत प्रमाण जवळजवळ दुपटीला गेले. मुलाचे मित्र कोण आहेत, हा आईवडिलांचा जुना प्रश्न संशोधनाच्या तराजूवरही वजनदार ठरला. याच प्रकल्पाच्या नोंदींतून २०१४ साली फोनचा धोकाही मोजला गेला. गाडी चालवता चालवता नंबर फिरवला की नवख्याचा अपघाताचा धोका आठ पटींहून अधिक होतो. फोन उचलण्यात, शोधण्यात, त्यावर लिहिण्यातही तो वाढतो. यात नजर रस्त्यावरून हटते, हे कळीचे.

टप्प्यांच्या परवान्याला एक अडचणीची बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. २०११ साली मास्टेन, फॉस आणि मार्शल यांनी सगळ्या अमेरिकेची आकडेवारी घेतली. कडक टप्पे असलेल्या राज्यांत सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात २६ टक्क्यांनी कमी होते, पण अठरा वर्षांच्या चालकांचे १२ टक्क्यांनी जास्त. एक संभाव्य कारण असे, की नियमांची कटकट नको म्हणून अनेक मुले अठरा पूर्ण होईपर्यंत थांबत आणि मग कुठल्याही टप्प्याशिवाय थेट रस्त्यावर येत. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. कच्चेपणा वयाबरोबर आपोआप जात नाही. न्यू जर्सीने हे आधीच ओळखले होते. तिथे एकवीस वर्षांखालच्या प्रत्येक नव्या चालकाला टप्पे लागू आहेत आणि २०१० पासून गाडीच्या नंबरप्लेटवर लाल चकचकीत खूण लावावी लागते. तिथल्या एडिसन गावाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना ही लाल खूण चांगली परिचयाची आहे. रात्री अकरानंतर गाडी नाही आणि पालक गाडीत नसताना एकच सोबती, या अटींवरून तिथल्या जेवणाच्या टेबलांवर वादही होतात. खूण सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षात या टप्प्यातल्या चालकांचे अपघात ९ टक्क्यांनी घटले, असे फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातल्या संशोधकांनी दाखवले.

आता दुसरे टोक. म्हातारपणी मैलामागे प्राणघातक अपघात वाढतात हे खरे. पण लि, ब्रेव्हर आणि चेन यांनी २००३ साली हिशेब मांडला, तेव्हा या वाढीव मृत्यूंपैकी ६० ते ९५ टक्के मृत्यूंमागे वृद्ध शरीराचा ठिसूळपणा निघाला. ज्या धडकेत तीस वर्षांच्या माणसाची बरगडी दुखावते, त्या धडकेत ऐंशीचा माणूस दगावतो. वृद्ध चालक वेग कमी ठेवतात, रात्र आणि पाऊस टाळतात, पिऊन गाडी फारशी चालवत नाहीत. ते अडकतात चौकात. समोरून येणाऱ्या गाड्यांचा प्रवाह कापून वळताना, म्हणजे आपल्याकडचे उजवे वळण घेताना, एकाच वेळी चार दिशांचा हिशेब करावा लागतो आणि तिथे चूक होते.

ही चूक डोळ्यांच्या तक्त्यावर सापडत नाही, हे अलाबामात सिंथिया ओस्ली आणि कार्लीन बॉल यांनी दाखवून दिले. त्यांनी पडद्यावर क्षणार्धासाठी मध्यभागी एक चित्र आणि कडेला दुसरे चित्र दाखवले, भोवती गोंधळ ठेवला आणि काय काय टिपता आले ते विचारले. तक्त्यावरची बारीक अक्षरे सहज वाचणारी माणसेही इथे कडेचे चित्र गमावत. पंचावन्नच्या पुढच्या २९४ चालकांवर तीन वर्षे नजर ठेवली, तेव्हा ज्यांचे एका नजरेत टिपण्याचे हे क्षेत्र ४० टक्के वा त्याहून अधिक आक्रसले होते, त्यांना अपघात होण्याची शक्यता २.२ पट निघाली. नवखा मुलगा बाजूला पाहत नाही. वृद्ध पाहतो, पण पाहिलेले मेंदूपर्यंत पोचायला उशीर होतो. दोघांचाही घात तिथेच होतो.

आणि यावर उपाय आहेत. मोतीबिंदू झालेल्या २७७ चालकांचा ओस्ली यांनी अभ्यास केला. शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांच्या अपघातांचे प्रमाण न करून घेतलेल्यांच्या निम्म्याहून किंचित कमी होते. शस्त्रक्रिया कोणी करून घ्यायची हे इथे चिठ्ठ्यांनी ठरवलेले नव्हते, त्यामुळे आकडा थोडा सावधपणे घ्यावा. तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. दुसरा प्रयोग मात्र चिठ्ठ्यांचाच होता. पासष्टच्या पुढच्या २,८०२ जणांना घेऊन अमेरिकेत तो सहा केंद्रांवर झाला. त्यातल्या चालकांपैकी ज्यांना झटपट पाहून ओळखण्याचा दहा बैठकांचा सराव दिला होता, त्यांच्या चुकीमुळे झालेले अपघात पुढच्या सुमारे सहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. स्मरणशक्तीच्या सरावाचा तसा लाभ दिसला नाही.

सत्तरी झाली की चाचणी घ्या आणि परवाना काढून घ्या, ही सूचना ऐकायला सरळ वाटते. फिनलंडमध्ये सत्तरीपासून वैद्यकीय तपासणी होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. लिइसा हाकामिएस-ब्लोमक्विस्ट यांनी १९९६ मध्ये दोन्ही देश ताडून पाहिले. वृद्ध चालकांच्या अपघातांत फरक नव्हता, पण फिनलंडमध्ये पायी वा सायकलने जाणारे वृद्ध अधिक मरत होते. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी बुद्धीची चाचणी सक्तीची केली आणि पुढच्या अभ्यासात तेच दिसले: गाडीतले वृद्ध वाचले नाहीत, रस्त्यावरचे अधिक दगावले. डेन्मार्कने वयावर आधारलेले नूतनीकरण २०१७ साली रद्द केले. जपानचा मार्ग निराळा. तिथे १९९८ पासून परवाना आपखुशीने परत करता येतो. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरोत ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली आई आणि तिची लहान मुलगी गेली. त्या वर्षी सुमारे सहा लाख जणांनी परवाने परत केले. मात्र जिथे बस येत नाही अशा खेड्यात परवाना सोडणे म्हणजे बाजार, दवाखाना आणि माणसे सोडणे. गाडी थांबल्यावर नैराश्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असा २०१६ सालच्या एका आढाव्याचा निष्कर्ष आहे.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अठराव्या वर्षी दार उघडते. लर्निंग लायसन्सला तीस दिवस झाले की आरटीओत आठ काढून दाखवायचा आणि पक्के लायसन्स घ्यायचे. एल लावलेला असेपर्यंत मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवता येत नाही. पक्के होताच त्याच दिवशी रात्री बाराला डबलसीट घाटात जायला कायद्याची आडकाठी नाही. किती तास सराव झाला, हे कुणी विचारत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या विजेच्या स्कूटरला तर परवानाच लागत नाही आणि क्लासला जाणारी मुले तिच्यावरून हेल्मेटशिवाय हमरस्त्यावर असतात. दुसऱ्या टोकाला चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या दाखल्यात चौकातल्या नजरेची परीक्षा कुठेच नाही.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर झालेल्या जामिनाने राज्य संतापले. तो संताप योग्यच होता. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड ठेवला आहे, तो वापरलाच पाहिजे. पण २०२२ मध्ये देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यातली साधारण शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवर होती. त्यांतली बहुतेक नावे कुठल्याही मथळ्यात आली नाहीत. आपल्याकडचा टप्प्यांचा परवाना म्हणूनच दुचाकीपासून सुरू व्हायला हवा: पक्क्या लायसन्सनंतरचे पहिले वर्ष समवयस्क डबलसीट नाही, रात्री दहानंतर गाडी नाही, आणि ही अट वयाला नव्हे तर नवखेपणाला. वृद्धांसाठी दाखल्याऐवजी नेत्रतज्ज्ञाची खरी तपासणी आणि चालता येईल असे फुटपाथ, कारण आपले आजीआजोबा स्टिअरिंगमागे कमी आणि रस्ता ओलांडताना जास्त असतात.

कायदा केंद्राचा आहे, बदल दिल्लीत व्हायचा आहे आणि त्याला वेळ लागेल. तोवर घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला किल्ली देताना वर्षभराच्या या दोन अटी घाला, आणि शक्य तितक्या वेळा त्याच्या शेजारी वा मागे स्वतः बसा. आणि वडिलांना दिव्यांचा लखलखाट सहन होत नाही, रात्री समोरची गाडी उशिरा दिसते अशी त्यांची तक्रार असेल, तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका.