उत्तरं न दिलेली वीस कोडी

मी दिवाळी अंकांसाठी शब्दकोडी रचते. सोडवणाऱ्याला कमी लेखून चांगलं कोडं रचता येत नाही, हा या कामातला पहिला धडा. समोरची व्यक्ती आपल्याइतकीच हुशार आहे, हे आधी मानावं लागतं. म्हणूनच मेक्सिकोतल्या एका ननने पोर्तुगालमधल्या नन मैत्रिणींना पाठवलेल्या वीस कोड्यांबद्दल मला विलक्षण आदर वाटतो.

तिचं नाव सॉर हुआना इनेस दे ला क्रूस. लहानपणी ठरवलेला धडा मुदतीत आला नाही, की ती स्वतःचे केस कापून टाकायची. रिकाम्या डोक्यावर शोभा कशाला, असं तिचं म्हणणं. लग्न तिला नको होतं आणि शिकायला मात्र निवांत वेळ हवा होता. त्या काळी अशा मुलीला मठाखेरीज जागा नव्हती. १६६९ मध्ये तिने मेक्सिको शहरातल्या सान हेरोनिमो मठात व्रतं घेतली. भेटायला येणाऱ्यांशी बोलायचं तेही जाळीआडून. पण खोलीत पुस्तकं होती आणि लेखणी थांबली नाही.

१६९० मध्ये पुएब्लाच्या बिशपने तिचं एक लेखन छापलं. व्हिएरा या नामवंत पोर्तुगीज जेसुइटाच्या प्रवचनातला युक्तिवाद तिने त्यात खोडून काढला होता. सोबत बिशपने एका ननचं खोटं नाव घेऊन उपदेशही केला : लौकिक विद्या कमी कर, धर्माचं वाच. पुढच्याच वर्षी तिने सविस्तर उत्तर लिहिलं आणि स्त्रीच्या शिकण्याची बाजू मांडली. तेलात घट्ट होणारं अंडं साखरेच्या पाकात का फुटतं, हा स्वयंपाकघरातला प्रश्नही तिला अभ्यासाचाच वाटत होता. त्यानंतर तिच्यावरचा दबाव वाढत गेला. १६९४ मध्ये तिने आपल्या व्रतांची पुन्हा शपथ घेतली, ग्रंथसंग्रहही सोडला.

या कठीण वर्षांतच ती कोडी तयार झाली. पोर्तुगालमधल्या वेगवेगळ्या मठांतल्या विदुषी ननांनी ‘आनंदगृह’ या अर्थाच्या नावाचं साहित्यमंडळ चालवलं होतं. कोडी त्यांच्यासाठीच रचलेली, एका हस्तलिखित वहीत एकत्र केलेली. हुआनाचं पहिलं पुस्तक १६८९ मध्ये माद्रिदला छापून आणणारी तिची मैत्रीण, मेक्सिकोच्या माजी व्हाइसरॉयची पत्नी, हिनेही या वहीसाठी कविता लिहिली. कोडी वीस, प्रत्येक चार ओळींचं, सगळी प्रश्नरूप. विषय मनाचे, बहुतेक प्रेमाच्या अवस्थांचे. उत्तरं कुठेच दिलेली नाहीत. अभ्यासक त्यांवर आजही वाद घालतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वहीची सुरुवात. तेव्हा पुस्तक छापायचं तर धर्माधिकाऱ्यांचा परवाना लागे. इथे तपासणीचे अभिप्राय आणि परवाने ननांनीच दिले, तेही पद्यात. आमचं लेखन आम्ही तपासू, आम्हीच मान्य करू, असं त्यांनी न भांडता सांगून टाकलं.

कोड्याचं बळ इथेच आहे. मत मांडलं की ते खोडायला, शिक्षा करायला कुणीतरी टपलेलं असतं. प्रश्नाला असं पकडता येत नाही. शिवाय कोडं एकटीने पुरं होत नाही, दुसरीची बुद्धी लागतेच. ज्या बायकांना आयुष्यात एकमेकींचं तोंड पाहायला मिळणार नव्हतं, त्या अशा रीतीने समुद्रापलीकडच्या मैत्रिणीशी बरोबरीने बोलल्या. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये स्थापन झालेला सान्ता मोनिका हा ननांचा मठ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना अशा मठांच्या भिंतींची जाडी सांगायला नको.

वहीवर १६९५ साल आहे. त्याच वर्षी १७ एप्रिलला, साथीत आजारी ननांची सेवा करताना हुआना गेली. कोडी हस्तलिखितांतच राहिली. लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून शोधून एन्रिके मार्तिनेस लोपेस यांनी ती १९६८ मध्ये प्रसिद्ध केली.

आपल्याकडेही आज्या-पणज्यांनी घातलेली कोडी बहुतेक तोंडीच राहिली, आणि वेळ घालवायचा खेळ म्हणून आपण ती सोडून दिली. तुमच्या घरात ती आठवणारी कुणी असेल, तर तिच्याजवळ बसून लिहून घ्या. आणि कोडं कुणी रचलं, हेही विचारा.