मेंढीचा विषाणू, माणसाचं फुफ्फुस

न्हावा शेव्यात कंटेनरच्या ट्रेलरांचा धूर खात वाढलेली मी विज्ञानशिक्षिका. खोकला म्हटलं की आमच्याकडे बोट डिझेलकडेच जातं. मेंढ्यांना मात्र जेएसआरव्ही नावाच्या विषाणूमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो. क्लोन केलेल्या डॉली मेंढीलाही तो झाला. २००३ साली तिला दयामरण द्यावं लागलं.

या गाठी माणसाच्या फुफ्फुसातल्या एका प्रकारच्या कर्करोगासारख्या दिसतात. शिवाय हा विषाणू पेशीत शिरायला जे हायल-२ प्रथिन वापरतो, ते आपल्यातही आहे. म्हणून संशय: हा विषाणू माणसालाही कर्करोग देतो का? २००० च्या सुमारास माणसांच्या गाठींवर या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं लावून पाहिली, तर काही गाठी रंगल्या, म्हणजे प्रतिपिंड चिकटलं! पण प्रतिपिंड कधीकधी भलत्याच प्रथिनालाही चिकटतं. पुढे इतरांनी तशा गाठींत विषाणूची जनुकं शोधली, ती मिळाली नाहीत. मला हा दुसरा पुरावा जास्त पटतो.

अशाच शोधासाठी आमच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये, गाठींच्या जनुकीय माहितीतून जंतूंचे अंश हुडकणारी संगणकप्रणाली तयार झाली आहे. तिथेही डोकेदुखी खऱ्या-खोट्या खुणेचीच: सापडलेला अंश रुग्णाचा की प्रयोगशाळेतल्या भेसळीचा?

“बाई, मटण खाल्लं तर?” वर्गातल्या एकाचा प्रश्न. हा विषाणू मुख्यतः मेंढीच्या श्वासातून मेंढीला लागतो. माणसाला लागण झाल्याचा ठोस पुरावा नाही, असं सांगितलं. मग त्याच्या वडिलांच्या बिडीवर जरा जास्तच बोलले.