वृंदगान-संचालक

वृंदगान-संचालक : अनेक गायकांच्या आवाजांचे नियमन करून त्यांतून एकसंध संगीत साकार करणारी व्यक्ती. प्रयोगाच्या वेळी संचालक सहसा स्वतः गात नाही. वृंदातील कंठ हेच त्याचे वाद्य होय. साहजिकच या कलेचे पहिले शिक्षण वृंदातच मिळते. उदा., ब्रिटिश संचालक डेव्हिड विलकॉक्स हे बालपणी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या वृंदात गात असत. पुढे १९५७–७४ या काळात ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदाचे संचालक होते.

भारतातही वृंदाची कल्पना प्राचीन आहे. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात (तेरावे शतक) वर्णिलेल्या उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवादक व चार मृदंगवादक असतात. तथापि भारतीय समूहगानात सर्वजण मुख्यत्वे एकच स्वरावली गातात. पाश्चात्त्य वृंदगानात मात्र सोप्रानो, आल्टो, टेनर व बास हे विभाग एकाच वेळी भिन्न स्वरावली गातात. गायकाला आपली ओळ सांभाळावी लागते, तर संचालकाला सर्व ओळी एकत्र ऐकून त्यांचा तोल राखावा लागतो. तो सामान्यतः उजव्या हाताने लय दाखवितो व डाव्या हाताने विभागांचा प्रवेश आणि आवाजाचा चढउतार सुचवितो. वाद्यांची साथ नसल्यास स्वर नकळत उतरतो. तो सावरणे हीही त्याचीच जबाबदारी असते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कूमी वाडिया यांचे आहे. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी उभारलेल्या व ‘परंज्योती अकॅडमी कोरस’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या वृंदात त्या गायिका होत्या. संस्थापकाच्या पश्चात हौशी वृंद विस्कळित होण्याचा धोका असतो. परंतु १९६७ मध्ये परंज्योतींचे निधन झाल्यावर वाडियांनी संचालनाची धुरा स्वीकारली व ती सुमारे पाच दशके सांभाळली. युरोपीय रचनांबरोबर भारतीय लोकगीतांची बहुस्वरी रूपेही या वृंदाने देशविदेशांत सादर केली. भारतातील पाश्चात्त्य वृंदगानाच्या पहिल्या स्त्री-संचालकांत वाडियांची गणना होते. वृंदात घडलेल्या गायिकेकडेच त्याची धुरा आल्याने गायनाची परंपरा खंडित झाली नाही.