आजीची तपासणी, नातीसाठी

"माझे वय 75. आता जनुकांची तपासणी करून काय उपयोग?" एका वाचक भगिनीचा प्रश्न. त्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला, बहिणीलाही.

उपयोग त्यांना थोडा, मुली-नातींना मोठा. ज्या व्यक्तीला आजार झाला तिचीच तपासणी आधी केली, तर बीआरसीए जनुकातला दोष सापडण्याची शक्यता जास्त. सापडला, की इतरांना तेवढा एकच दोष तपासावा लागतो. तो प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. बापाकडूनही उतरतो, म्हणून डॉक्टरांना आत्याचा आजारही सांगा. (आपल्याकडे हे आजार लपवायचीच रीत!)

पहिली तपासणी बहुधा ठराविक दोषांचीच असते. त्यांतले मुख्य तीन अश्केनाझी यहुद्यांत आढळणारे. आपण बेने इस्राएल, म्हणून त्यात काही निघाले नाही तरी निश्चिंत होऊ नका. कुपात खोलीमच्या जनुक-सल्लागाराला संपूर्ण तपासणीविषयी विचारा. घरात कोणालाच हा आजार नसेल, तर मात्र उगाच घाबरू नका. स्तनाचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. मॅमोग्राफी चुकवू नका, एवढेच.

त्या भगिनींनी आता सल्लागाराची वेळ घेतली आहे. थोरली मुलगी सोबत जाईल. धाकटी म्हणते, "मला काही कळायला नको." तिला त्यांनी आग्रह केलेला नाही.